ऑगस्टचं पान

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
११ मार्च १९९८

ती. माईस,

कमळाकरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पाठवलेलं तेल गुडघ्यांना मानवलं का? (बाटलीवर घोड्याचं चित्र आहे म्हणून घाबरू नकोस, तेल माणसांचंच आहे. तरी एकदा वैद्यांना दाखव. मी स्वतः अजून लावलेलं नाही.) इकडे आम्ही सुखरूप. म्हणजे तुझ्या भावजयीचा, कुमुदिनीचा, खोकला थांबला, माझा सुरू झाला, आणि तुझा मधू दोन्ही वेळ नीट जेवतो. माझ्याशी बोलत नाही, एवढंच. आज अकरावा दिवस.

तू मागे विचारलं होतंस की मधू नेमकं काय विकतो. तर कारखान्यांतून आता कॉम्प्युटर आलेत आणि सगळा कारभार त्यात असतो. फ्लॉपी नावाची चौकोनी चकती असते, तिच्यातून व्हायरस म्हणजे एक रोग येतो आणि तो कारभार खाऊन टाकतो. मधू रोग काढतो, पुन्हा येऊ नये म्हणून बंदोबस्त करतो, आणि परक्या माणसाने उघडू नये म्हणून पासवर्ड, म्हणजे अक्षरांचं कुलूप, घालून देतो. हे सगळं वर्षाच्या करारावर. पण माई, विकायला तो गेला की इंग्रजीत बोलायचा आणि मालक पंख्याकडे बघत बसायचे. मी अंबरनाथला एकतीस वर्षं टाइमकीपर होतो, तिथल्या आनंदनगरच्या कारखान्यांचे निम्मे वॉचमन माझ्या हाताखाली उशिरा आलेले आहेत, म्हणून फाटकातून आत घेण्यापुरता त्याने मला बरोबर नेला. तिथे माझा स्वभाव कामी आला. गॅस बंद आहे का हे बघायला तीन वेळा उठणारा माणूस मी. मी एवढंच विचारायचो की शेठ, उद्या सकाळी सगळं कोरं निघालं तर? आणि ते चित्र डोळ्यांपुढे येऊन मलाच दरदरून घाम फुटायचा. माझा घाम बघून मालकाला फुटायचा. उल्हासनगरचे हासोमल सेठ, जीन्सच्या पँटी शिवून घेतात, ते तर हात जोडून म्हणाले, ‘‘बस करो चाचा, मेरेको बी.पी. है. लगा दो जो लगाना है.’’ वर्षभरात अकरा गिऱ्हाईकं झाली. मधूने माझ्या नावाचं कार्ड छापलं: कमळाकर साळवी, सुरक्षा सल्लागार. (सातवी नापास हे त्यावर नाही. आमच्या न्हाव्याकडेही एक देऊन ठेवलंय.)

आता चूक सांगतो. मधू प्रत्येकाला बजावायचा, पासवर्ड लक्षात ठेवा, कुणाला सांगू नका, कुठे लिहू नका. मालक मान हलवायचे आणि तो जिना उतरला की मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचे, चाचा, आपके पास रहने दो, हम भूल जाएगा. माई, आयुष्यात मला कुणी इतकं भरवशाचं मानलं नव्हतं. नाही म्हणवेना. आणि माझं डोकं तुला माहीत आहे. म्हणून मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिले, एका महिन्याच्या पानावर एक गिऱ्हाईक. पाठ भिंतीकडे, म्हणजे वाचणार कोण? भिंतीला कान असतात म्हणतात, डोळे असल्याचं मी ऐकलं नाही.

जानेवारीत नवं कॅलेंडर आलं. जुनं गुळगुळीत, रंगीत देवादिकांचं, टाकवेना. कव्हरं घालण्यात माझा हात धरणारा आमच्या इमारतीत कुणी नाही हे मी सांगायला नको. दोन दिवसांत सगळ्या बिऱ्हाडांतल्या पोरांच्या वह्यांना मी देव चढवले. पाठची अक्षरं आत गेली आणि माझ्या डोक्यातूनही गेली.

फेब्रुवारीत हासोमल सेठ मुलीच्या लग्नाला इंदूरला गेले. परत येऊन बसतात तर पासवर्ड आठवेना. हसत हसत मला फोन केला. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर नवी लक्ष्मी होती.

त्यानंतर मी दारोदार फिरून पोरांची कव्हरं सोडवली. वरच्या मजल्यावरची रखमा म्हणाली, ‘‘काका, घालायची तुम्ही, काढायची तुम्ही, मग डिंक आमचा कशाला?’’ एका वहीचं कव्हर उलटून तर वर्गातल्या सगळ्यांनी आतली अक्षरं वाचली होती आणि वरच्या देवाला मिशा काढल्या होत्या. दहा पानं मिळाली. मिळालं नाही ते ऑगस्टचं, आणि हासोमल सेठ ऑगस्टवरच होते. मधूने केलेलं कुलूप त्याचं त्यालाही उघडत नाही (हीच त्याची जाहिरात होती), आणि फ्लॉपीवर जी दुसरी प्रत ठेवली, तिलाही तेच कुलूप.

मग मधूला सांगावं लागलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, ‘‘मामा, मी लोकांना कुलपं विकत होतो, आणि चाव्या तुम्ही भिंतीला टांगल्या होत्या.’’ दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच दहा ठिकाणी जाऊन पासवर्ड बदलून आला. माझी उरलेली कार्डं टेबलावरून नाहीशी झाली. हासोमल सेठ भले गृहस्थ, चेटीचंडपर्यंत थांबतो म्हणाले. ते त्यांचं नवं वर्ष, आपल्या पाडव्याला लागूनच. तोवर उघडलं नाही तर साऱ्या बाजाराला सांगणार. मग मधूच्या हातून कोण बंदोबस्त करून घेईल? पोराने तीन वर्षं उभं केलेलं मी डिंकाने चिकटवून वाटून टाकलं. तू माझ्या भरवशावर त्याला इथे ठेवलास. गॅस तीन वेळा बघणाऱ्याने ही एक गोष्ट एकदाही बघितली नाही, याचंच जास्त लागतं.

यापुढे कुणाचा पासवर्ड कागदावर उतरवणार नाही, अशी देवापुढे शपथ घेतली आहे. प्रकृतीला जप.

तुझा अपराधी
कमळाकर

ता. क. शपथेवरून आठवलं. जानेवारीत तुझ्या पोथीला मी जो बाळकृष्ण कव्हर म्हणून घालून पाठवला, तो ऑगस्टचा आहे. (गोकुळाष्टमीचं पान, सगळ्यांत सुरेख म्हणून तुझ्यासाठी राखलं होतं.) देवाची क्षमा मागून ते सोडव. अक्षरं इंग्रजी आहेत, तू ठिपके बघून रांगोळी काढतेस तशी बघून काढ, एकही रेघ सोडू नकोस. मूळ पान पाठवू नकोस, वाटेत कुणाच्या हाती लागलं तर? पोस्टकार्डावर उतरवून धाड. वर ‘हासोमल सेठचा पासवर्ड’ असं मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे घोटाळा नको. आमचा पोस्टमन विश्वासू आहे, माझं कार्ड त्याच्याकडेही आहे.

ता. क. दुसरा. मधूच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मी कधीच कुठे लिहिला नव्हता, कारण लिहायची गरजच नव्हती. नुसतं ‘मामा’ होतं. परवा तो बाहेर गेल्यावर दाबून पाहिलं. उघडला नाही. नवा काय ठेवलाय ते त्याने तुला कळवलं तर मला कळव. कुठे लिहून ठेवणार नाही.