हात लावून अटक

३ नोव्हेंबर
होन्नगद्देला पोचलो. बदलीचा हुकूम आला तेव्हा कलबुर्गीत सगळ्यांनी मला जळवांची भीती घातली होती. इथं मात्र गावभर सुपारी उकळल्याचा वास आहे आणि क्वार्टरमागून पाण्याचा पाट वाहतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथमच पंख्याशिवाय झोपणार. स्टेशनची लिखापढी करणारा रायटर थिम्मे गौडा गप्पिष्ट माणूस आहे. कलबुर्गीचं ऊन अंगात मुरलंय तोवर थंडी वाजायची नाही, मग बघा मारायरे, म्हणाला (मारायरे म्हणजे इथलं 'महाराज'), आणि स्वतःच्या घरचे कडबू खाऊ घातले.

माझ्याकडे वॉरंटांचं टेबल आलंय. आधीचे हवालदार वेंकप्पा जुलैपासून न सांगता गैरहजर आहेत. त्यांची टोपी अजून खुंटीवर आहे. ती काढावी का, असं विचारलं तर थिम्मे म्हणाला, राहू द्या.

७ नोव्हेंबर
पहिली बजावणी. कानुमनेचा बेळ्ळय्या, वय एकाहत्तर. सामाईक फणसावरून एकोणीस वर्षांपूर्वी चुलतभावाला कोयत्याच्या दांड्यानं मारलं होतं. मग कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला गेला, तारखा चुकल्या, अजामीनपात्र वॉरंट निघालं. मार खाल्लेला भाऊ केव्हाच वारला.

कुत्रं माझ्यावर तुटून पडलं. म्हाताऱ्यानं त्याला हाकललं आणि मलाच दटावलं, "पोलीस असून कुत्र्याला भिता होय सार?" मी वॉरंट वाचून दाखवलं. पुढं हात लावायचा असतो. आरोपी तोंडानं 'येतो' म्हणाला तर हात लावायची गरज नसते, पण इथली रीत खांद्यावर हात ठेवायचीच. मी हात उचलला, तेवढ्यात आतून बायकोनं हाक मारली. गौरम्माला तीन वर्षांपासून अर्धांगवायू आहे. पेज भरवायला हा एकटाच. माझ्या उचललेल्या हातात त्यानं कॉफीचा लोटा दिला. मी तसाच परतलो.

८ नोव्हेंबर
थिम्मेला सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय रेवणण्णा, मारून टाका." म्हणजे, आरोपी मयत आहे असा अहवाल लिहा. कोर्ट खटला बंद करतं, आपल्या इन्स्पेक्टर साहेबांचा थकलेल्या वॉरंटांचा आकडा उतरतो, म्हाताराही सुटतो. समोरचा हॉटेलवाला आणि न्हावी पंच म्हणून सही करतात. वेंकप्पांनी असे सात केले होते.

मी लिहिला. फणसाखाली छातीत कळ आली, ओढ्याकाठी दहन झालं, मी जातीनं खात्री केली. अठ्ठावीसला कोर्टापुढे जाईल. दया म्हणून लिहिला असं स्वतःला सांगतोय. पण एका म्हाताऱ्याला जामीन मिळवून देण्याची खटपट टाळण्यासाठी तर नाही ना लिहिला? माझं मलाच नक्की सांगता येत नाही.

१४ नोव्हेंबर
मन खात होतं. वेंकप्पांचे सात जण आज कसे आहेत ते बघावं, म्हणून पंचायतीत मृत्यूची नोंदवही मागितली. ते जिवंत, सुखात सापडते तर माझ्या अहवालाचं ओझं थोडं उतरलं असतं.

साती जण मेलेले आहेत. क्षणभर बरं वाटलं. वेंकप्पा खोटं लिहीत नव्हते तर.

मग आमच्या वॉरंट रजिस्टरशी तारखा ताडून पाहिल्या. अहवाल मार्चचा, मरण एप्रिलचं. अहवाल मेचा, मरण जूनचं. कोर्टानं ज्या दिवशी खटला बंद केला, त्याच दिवशी माणूस गेलेला. सातीच्या साती. कारणंसुद्धा अहवालात लिहिलेलीच. एकाला विहिरीत पडून मेला असं लिहिलं होतं. तो विहिरीतच सापडला.

१६ नोव्हेंबर
थिम्मेला तारखा दाखवल्या. आधी हसला, मग उठून दार लोटून घेतलं. वेंकप्पांच्याही हे लक्षात आलं होतं, मीच मनावर घेतलं नाही, म्हणाला. जुलैत त्यांनी आठवा अहवाल पाठवला (हा थिम्मेनं मला आधी सांगितला नव्हता), आणि मग त्याच आरोपीला जिवंत हजर करायला निघाले. पुढे काय झालं विचारलं तर त्यानं स्टेशन डायरी उघडून दिली. वेंकप्पांच्या अक्षरात: आरोपीस हात लावून अटक केली, कोर्टाकडे रवाना. त्यापुढे काहीच नाही. कोर्टात दोघेही पोचले नाहीत. तो आरोपी त्याच दिवशी मयत म्हणून नोंदला गेला.

"एक सांगू का," थिम्मे म्हणाला, "त्या दिवशी मी त्यांना चहा द्यायचा विसरलो. समोर बसले होते म्हणे. मला दिसलेच नाहीत हो."

१९ नोव्हेंबर
कोर्टात जाऊन अहवाल परत मागितला. शिरस्तेदार म्हणाले, दाखल झालेला कागद परत मिळत नाही. माणूस जिवंत असेल तर अठ्ठावीसला जज्जसाहेबांपुढे उभा करा, फार तर तुमची चौकशी लागेल. लागू दे. नोकरी गेली तरी चालेल.

२१ नोव्हेंबर
कानुमने. कुत्रं माझ्यावर भुंकलं. म्हाताऱ्यानं हाकललं तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या अंगणात बाया सुपारी सोलत होत्या. त्यानं अडकित्ता मागितला. दोनदा मागितला. त्या आपसात बोलत राहिल्या. रेशन दुकानदार म्हणतो नाव यादीत नाही, अशी तक्रार त्यानं हसत हसत केली. "सगळं गाव बहिरं झालंय सार."

आत गेलो. तो गौरम्माला पेज भरवत होता. तिनं घास गिळला आणि मला विचारलं, हे कुठं दिसले का हो तुम्हाला? चार दिवस झाले.

चमचा त्याच्या हातात होता.

तो हसायचा थांबला.

२६ नोव्हेंबर
त्याला सगळं सांगितलं. शिवी देईल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "फणसाखालीच का लिहिलंत?"

ठरलं. तो तोंडानं 'येतो' म्हणेल, मी हात लावणार नाही. वेंकप्पांनी लावला होता. हात लावला की आरोपी आणि पोलीस कोर्टापर्यंत एकच, असं ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. तेव्हा आम्ही हसलो होतो.

गौरम्माला उद्यापासून शेजारीण बघेल. मी हात जोडून विचारलं, लगेच हो म्हणाली. वर म्हणाली, बिचारी, नवरा गेल्यापासून तिचं कुणी नाही.

२८ नोव्हेंबर, सकाळी
सातची बस. तो 'येतो' म्हणाला, मोठ्यानं, दोनदा. मी चार हात लांब चाललो. फणसाखालून जाऊ दिलं नाही, बांधावरून आणला. कंडक्टरला दोन तिकिटं मागितली. "दुसरं कोण सार?" असं विचारून एकच फाडलं. तो उभ्यानं आला. लोक त्याच्या पायांवर पिशव्या ठेवत होते.

पावणेअकरा
कोर्टाच्या व्हरांड्यात. झालं ते लिहितो.

मी आधी उतरलो. तो पायरीवर असतानाच बस सुटली. कंडक्टरला दिसत नव्हता ना. तो लोंबकळत होता, चाकाशी — मी विचार केला नाही. मनगट धरलं. ओढून घेतला. वाचला.

हात लावला.

गेटवरचा शिपाई दर आठवड्याला मला सलाम करतो. आज —

अकरा वाजून दहा
थिम्मे आलाय. बाकावर माझ्या शेजारीच बसला. माझ्या वहीवर टोपी ठेवली, मी वही ओढून घेतली, त्यानं टोपी उचलून झटकली. मी हाका मारतोय. त्याचा खांदा हलवला. तो दाराकडे बघतोय, माझी वाट —

म्हाताऱ्याचं मनगट सोडलेलं नाही. नाडी लागतेय. बारीक.

पुकारा झाला. बेळ्ळय्या, कानुमने. तो ओरडला, हजर. मी ओरडलो, हजर आहे, साहेब, जिवंत आहे. शिरस्तेदारांनी माझा अहवाल वर सरकवला. पंख्याचाच आवाज.

साहेबांनी पेन उघडलं.

आमचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. पण इथं लिहिलेलंच खरं ठरतं. मग हेही — ही वही त्यांच्या टेबलावर ठेवतो, अहवालाच्या वर, एकच ओळ —

छातीवर हात ठेवला म्हाताऱ्यानं. नाही. थांब —

बेळ्ळय्या जिवंत आहे. मी जातीनं खात्री केली आहे. मी, हवालदार रेवणसिद्ध, जि