तीन हिरवे दिवे

३ मार्च, संध्याकाळ

...आणि नाक खाली. काच, आग, लाल अक्षरं. पुन्हा मेलो. माझ्या मुठीखाली कीबोर्डही गेला. स्वस्तातला होता, आज ना उद्या जाणारच होता.

दोष कॉम्प्युटरवरच्या या खेळातल्या विमानाचा. थ्रॉटल पूर्ण पुढे, दोन्ही इंजिनं बोंबलताहेत आणि वेगाचा काटा एकशे चाळीसवर बूड टेकून बसलेला. माहितीपुस्तिकेत सरळ लिहिलंय, कमाल वेग दोनशे नॉट. मग साठ नॉट कुणी खाल्ले? चिडून नाक वर खेचलं, विमान हवेतून दगडासारखं सुटलं.

बायको दारात आली. आता काय फुटलं, म्हणाली. काही नाही, म्हटलं. तोवर नवं विमान धावपट्टीवर उभं राहिलं होतं. पडद्याकडे बघून तिनं विचारलं, हे तीन हिरवे दिवे कसले. मी म्हटलं, हिरवं म्हणजे सगळं ठीक, लहान पोरालाही कळतं. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. दिवे मला सांगू नयेत.

निश्चय: उद्यापासून राग बंद.

५ मार्च

राग बंद. वाचन केलं. ड्रॅग म्हणजे हवेनं मागून धरलेली कॉलर. वेग दुप्पट केला की पकड चौपट. सुरुवातीला विमान झेपावतं, मग इंजिनाचा जोर आणि हवेची पकड बरोबरीत येतात, काटा थिजतो. सगळं समजलं. फक्त माझीच कॉलर इतकी घट्ट का, ते पुस्तकात नाही.

कीबोर्डऐवजी खरं पॅनेल आणलं. बटणं, खटके आणि एक आखूड दांडा, टोकाला छोटं काळं चाक. शोभेचा असावा.

खालच्या मजल्यावरचे काका वर आले. आमचं छत हादरतं, म्हणाले. मी सांगितलं, पुन्हा आलात तर तुम्ही हादराल. आवाज न चढवता सांगितलं. हीच प्रगती.

७ मार्च

स्कूलमध्ये एका शिकाऊ बाईंनी हँडब्रेक न काढता गाडी बाजारापर्यंत ओढली. धूर निघाला. मी बाजूला बसून इंजिनाला शिव्या देत होतो. मग दिसलं. डॅशबोर्डवर बुक्की मारली, झाकण तुटलं. बाई रडत उतरल्या आणि रिक्षानं गेल्या. मालक म्हणाले, मास्तर, गाडी तुम्ही शिकवता की मारामारी?

लोक किती आंधळे असतात. समोरचा दांडा दिसत नाही.

८ मार्च

शोध! वर हवा विरळ असते, म्हणून काटा कमी दाखवतो. खरा वेग जास्त असतो. म्हणजे मी इतके दिवस दोनशेनंच उडतोय, काट्याला अक्कल नाही.

दहा हजार फुटांवर नेलं. काटा एकशे वीस. खरा वेग काढला. एकशे चाळीस.

कॅल्क्युलेटर भिंतीवर. त्यामागून चहाचा कप. कपाचा तुकडा बायकोच्या पोटरीला लागला. ती दारातच उभी होती, तिथे उभं राहायचं काय कारण? रक्त फार नव्हतं. मी कापूस आणून देणार होतो, तोवर तिनं पदरानं पुसलं.

मग ती एकच वाक्य बोलली. पुढची वस्तू फुटली की मी भावाकडे जाते.

ही धमकी नव्हे. तिचा डोळा या खोलीवर आहे. शिलाई मशीन घरातल्या बोळात आहे, तिला उजेड हवाय.

९ मार्च

मेहुणा आला. मालवाहू व्हॅन चालवतो. त्याला गाडी मीच शिकवली, उपकार विसरला. ताईच्या पायाची पट्टी बघितली. मग पडदा बघून म्हणाला, दाजी, हे उडतंय की ढकलताय?

मी त्याची कॉलर धरली. त्यानं माझा हात शांतपणे काढून ठेवला, टेबलावर पक्कड ठेवावी तसा.

शेवटी मीच तोडगा काढला. रविवारी दोघांसमोर दोनशे नॉट गाठायचे आणि विमान सुखरूप उतरवायचं. जमलं तर खोली माझी, वर एक शब्द नाही. नाही तर मशीन खोलीत, पॅनेल बोळात. बायको म्हणाली, खोलीचं राहू द्या. काही फोडू नका एवढंच. मेहुणा म्हणाला, रविवारी व्हॅन घेऊनच येतो. कशाला ते विचारलं नाही. पॅनेल बोळात न्यायला व्हॅन लागत नाही, एवढीही अक्कल नाही त्याला.

११ मार्च

घरात शिस्त आली आहे. बायको हल्ली दारं आवाज न करता लावते. मी खुर्ची सरकवली की मशीन थांबतं. आदर असा वाढतो.

ती जाड कापडाची मोठी पिशवी शिवते आहे, दुहेरी टाके, मजबूत चेन. कुणाची ऑर्डर म्हटलं. आहे एकीची, म्हणाली. हात चांगला आहे तिचा.

काटा: एकशे चाळीस. उशी फाडली. उशी फुटत नाही, तेव्हा मोजायची नाही.

१३ मार्च

विजय!

एकशे चाळीसवर काटा अडला तसा मी खालून टेबलाला लाथ घातली. अंगठ्याचं नख उलटलं, मोजा लाल झाला. पण पॅनेल उडून आपटलं, तो शोभेचा दांडा खाडकन वर गेला, हिरवे दिवे विझले आणि काटा उठला! एकशे साठ, एकशे ऐंशी, दोनशे पाच!

मी लंगडत नाचलो. खालून काकांनी काठीनं छत ठोकलं. मी दुसऱ्या पायानं उत्तर दिलं.

आयुष्यभर सगळे सांगत आले, रागानं काही होत नाही. लाथेनं विमान मोकळं झालं, पुरावा समोर आहे. दिवे गेले ते जाऊ देत, शोभेचेच असतील. दांडा वरच ठेवून चिकटपट्टी लावली. चालत्याला हात लावू नये. उतरवून बघितलं नाही. उतरणं मला येतं.

१५ मार्च, रविवार

उड्डाण झकास. दांडा फक्त सुरुवातीला खाली घ्यावा लागला, त्याशिवाय खेळ सुरूच होईना. हवेत गेल्यावर पुन्हा पट्टी. काटा दोनशे सात. मागे वळून बघितलं. मेहुणा म्हणाला, बरं. 

उतरताना घात झाला. वेग कमी होईना. एरवी थ्रॉटल ओढला की विमान आपसूक जड व्हायचं, आज बर्फावरच्या साबणासारखं निसटत होतं. भोंगा वाजायला लागला. कान किटले म्हणून आवाज बंद केला. बायको म्हणाली, दिवे लागले नाहीत. मी म्हटलं, गप्प बस. ती पुन्हा म्हणाली, अहो, उतरताना ते तीन हिरवे दिवे असायचे. मी ओरडलो.

पोट धावपट्टीवर. ठिणग्या. पंख तुटला, मग आग.

मेहुणा हसला नाही. हसला असता तर बरं होतं. म्हणाला, दाजी, चाकं बाहेर काढली नाहीत. तो दांडा आणि ते हिरवे दिवे चाकांचे. आधी सगळीकडे चाकं बाहेर काढून उडत होतात, म्हणून वेग अडत होता, आज उतरताना पोटात ठेवलीत.

पुढचं नीट आठवत नाही. पॅनेल पडद्यात घुसलं होतं. मेहुण्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि माझ्या बोटांत काच होती. त्यानं मला उलटून मारलं नाही. रुमाल नाकाला लावून बोळात गेला आणि मशीनचं एक टोक उचललं. दुसरं बायकोनं.

पिशवी आधीच भरलेली होती. चेन मजबूत आहे.

दारात ती थांबली. म्हणाली, बोटाला टाके लागतील, डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, खोली घे, दिली तुला. ती म्हणाली, मी खोली कधी मागितली?

१६ मार्च, सकाळ

काकांनी बेल वाजवली. काठी घेऊन आले होते. म्हणाले, वरून काही आवाज नाही, म्हणून बघायला आलो.