कुलूपवालीच्या वेबसाइटचं दार

दादा,

वाकून नमस्कार. तू मोठा आहेस म्हणून, आणि वेबसाइट बनवतोस म्हणून आणखी थोडं वाकून. तब्येत बरी आहे ना? आणि अंगठा? इथे सगळ्यांचे अंगठे दुखतायत, त्याचंच हे पत्र. (फोन केला असता, पण फोनवर माझी दातखीळ बसते, तुला माहीतच आहे.)

मावशीच्या, म्हणजे तुझ्याच आईच्या, कुलूपकिल्लीच्या दुकानाची तू जी वेबसाइट केलीस ना, ती लोकांना फार आवडली. ज्यांच्या खिशात किल्ली आहे त्यांना. पण आपल्याला फोन कोण करतं? ज्याचं दार लागलं आणि किल्ली आत राहिली तो. बाहेर उभा, एका पायात चप्पल, मोबाइलची बॅटरी संपत आलेली. त्याला फक्त आपला नंबर पाहिजे. तू त्याला काय दाखवतोस? काळोख! मग अंगठा सरकवला की वरून एक कुलूप डुलत डुलत येतं, जेवून उठलेल्या पाहुण्यासारखं. आणखी सरकवला की किल्ली येते, आत शिरते, तीन वेळा फिरते. (तीन! मावशी एका झटक्यात उघडते.) मग दार. मग दारातून 'विश्वास' हा शब्द, एकेक अक्षर, जिना चढून दम लागल्यासारखा. आणि सगळ्यात शेवटी नंबर, तोही दिसला न दिसला तोच पुसट. घाईत अंगठा जरा उलटा गेला की दार धाडकन बंद, पुन्हा पहिल्यापासून. अरे, बाहेर अडकलेल्या माणसाला आणखी एक कुलूप लावायचं हे शाळा सोडलेल्या मुलीला सुचलं नसतं. त्यासाठी शिकावंच लागतं.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पार्सल घ्यायला दवाखान्याबाहेर आल्या आणि मागे दार लागलं. आत खुर्चीवर पेशंट, तोंडात कापूस, ओरडायचीही सोय नाही. बाईंनी तुझं दार चार वेळा उघडलं. शेवटी चालत दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं दार मस्त उघडतं हो, आता माझंही उघडा."

यावर मावशी काय म्हणाली असेल? "माझा मुलगा शिकलेला आहे, काहीतरी विचार करूनच केलं असेल त्याने. तूच फोन उचलत नसशील, लाजरी कुठली!" दुकानाचा फोन उचलायचं काम माझं, म्हणून तुझी वेबसाइट आल्यापासून महिनाभर फोन वाजला नाही, त्याचं खापर माझ्या डोक्यावर. सोमवारपर्यंत फोन वाजला नाही तर मला बाबांकडे परत धाडणार आहे. शाळा सोडली, आता कामही सोडलं, हे बाबा सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं म्हणतील. मग मी मावशीच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, आपला नंबर शोधून दाखव. चष्मा पुसला, अंगठा सरकवला, दार उघडलं, चुकून वर गेली, दार बंद. तीनदा. चहा गार झाला. शेवटी म्हणते, "दार किती खरं वाटतं गं! पण नंबर कुठाय?" मी म्हटलं, तेच तर. तर म्हणे, "त्याला विचार, काहीतरी कारण असेल."

म्हणून विचारते. काय कारण आहे?

तुझी बहीण
(सोमवारपर्यंत फोनजवळच्या स्टुलावर)

ता.क. कारण नाही सांगितलंस तरी चालेल. नंबर सगळ्यात वर टाक, मोठा, जागच्या जागी थांबणारा. आणि चूक तुझी होती हे मावशीला तूच सांग. माझ्या तोंडून तिला पटत नाही.

ता.क. आणखी एक. हे मावशीला सांगू नकोस. महिनाभर फोन वाजला नाही, तो काळ माझा फार सुखात गेला. म्हणून नंबरच्या खाली एक ओळ टाकशील का? 'मेसेज केला तरी चालेल.' लिहायला मी घाबरत नाही, ते तुला आत्तापर्यंत कळलंच असेल. ती ओळ मात्र हलवू नकोस.