भुंग्याची पट्टी

३ मार्च, सकाळ.
भुंग्याने पुढच्या पंजात काच भरून घेतली. जखम किरकोळ, नखाएवढी. ही लगेच म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ या. मी हसलो. कुत्र्याला खरचटलं की डॉक्टर, म्हणजे राईचा पर्वत. ऑफिसच्या अख्ख्या मजल्यावर फर्स्ट एडचं ट्रेनिंग घेतलेला मी एकटा. काच काढली, जखम धुतली, पट्टी बांधली.

संध्याकाळ.
भुंग्याने पट्टी दातांनी सोडली. लेक म्हणाली, बाबा, राहू दे ना उघडी, रक्त थांबलंय. आठवीतली मुलगी मला शिकवणार! पुन्हा बांधली. घट्ट. वरून चिकटपट्टीचे वेढे.

४ मार्च.
पट्टी जागच्या जागी. याला म्हणतात काम. संकल्प: आता आठवडाभर हात लावायचा नाही. उघडून बघितलं की जंतू आत जातात. (ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलं असावं. जेवणानंतरच्या तासाला जरा डोळा लागला होता.)

५ मार्च.
दिवसभर कण्हत होता. जखम भरताना ठणकतेच. ही म्हणाली, बोटं सुजलीत. म्हटलं, नवं मांस येतंय. पट्टी कुरतडतो म्हणून जुन्या बादलीचा तळ कापून गळ्यात अडकवली. चालताना दाराच्या चौकटीला आपटतो. लेकीला रडू आलं. या घरात कणखर माणूस मी एकटाच.

७ मार्च.
कण्हणं पूर्ण बंद! मुद्दाम हिला बोलावून दाखवलं. तिने बोटांना हात लावला. मग म्हणाली, गार लागतायत हो. म्हणजे ताप नाही. चांगलंच लक्षण.
जेवला नाही. नखरे.

८ मार्च.
हॉलमध्ये कसलासा वास. बाथरूमची जाळी तुंबली असणार. सगळीकडे फिनेल ओतलं. वास तसाच. सोफ्यापाशी जास्त. सोफा जुना झालाय, नवा बघायला हवा.
भुंग्या कालपासून सोफ्याखालीच आहे. हाक मारली तर शेपूटही हलवली नाही. विश्रांती घेतोय, घेऊ दे.
ही माझ्याशी बोलत नाही.

९ मार्च, संध्याकाळ.
घरी आलो तर कुलूप. हिला फोन केला. दवाखान्यात आहेत. मला न विचारता! ती म्हणाली, पट्टी कापली, आता ऑपरेशनला घेतलंय. मागे लेक हुंदके देत होती. मी येऊ का विचारलं. नको म्हणाली.
उगाच घाई केली. अजून दोन दिवसांत मी स्वतःच सोडणार होतो.

१० मार्च.
गेलोच. पंजा वाचला, दोन बोटं गेली. डॉक्टर सगळ्या सूचना हिलाच देत होते. शेवटी मीच विचारलं, काचेची एवढीशी जखम इतकी चिघळली कशी?
ते म्हणाले, काचेची जखम केव्हाच भरली. हे पट्टीने झालंय, रक्तच पोचत नव्हतं.
जाताना बिल तरी मी देतो म्हटलं. हिने दिलं होतं.

२० मार्च.
भुंग्या आता लेकीच्या खोलीत झोपतो. मघाशी दारात जाऊन उभा राहिलो. नुसता उभा. त्याने माझ्याकडे बघत पाय हळूच पोटाखाली ओढून घेतला.