फळीला पाय लागला

रविवार, १२ जानेवारी. बेडोक, सिंगापूर, संध्याकाळ

आंघोळ करून तास झाला, तरी पलंग हळूहळू डुलतोय.

सकाळी फेरीबोटीने मलेशियात देसारूच्या किनाऱ्यावर गेलो, रेवा आणि मी, सर्फिंग शिकायला. सोळा वर्षांची लेक, एमआरटी ट्रेनमध्ये माझ्यापासून दोन सीट लांब बसणारी. तीच म्हणाली, "आई, तू पण ये." नाही कसं म्हणणार?

आधी वाळूवरच सराव. शिकवणारा अझीम म्हणाला, पोटावर झोपा, मग फळीवर उभे राहा. मी उभी राहिले आणि लगेच वाकून फळीला हात लावला, तो कपाळाला नेला. पाय लागला ना! पुस्तकाला लागला की करतो तसंच. फळी पाय ठेवायलाच असते, कळतं मला. पण हात ऐकेल तर. दर वेळी तेच.

"आई, स्टॉप लाह. एव्हरीवन लुकिंग."

संपलं, वाटलं. आता ही मला कुठे नेणार नाही.

पाण्यातही तोच हात. अझीमने लाटेवर ढकललं, मी उभी राहिले, वाकले, आणि मग आवाजच नाही. नुसता हिरवट उजेड, आणि त्यावरून मी सरकतेय. किती वेळ? वाळू लागली तेव्हा कळलं, पडले नव्हते.

रेवा मात्र तीनदा पडली. चौथ्या लाटेआधी तिने इकडेतिकडे पाहिलं, पटकन फळीला हात लावला, कपाळाला नेला.

मी लगेच मान वळवली. मी पाहिलंय हे कळलं असतं, तर पुन्हा केलं नसतं तिने.