स्टोव्ह घेऊन निघालेली मुलगी

बाबा, काल माझ्या वर्गाला शिकवून, शाळा सुटल्यावर रामाकोन्याहून परत येत होते, तर बसमध्ये एका बाईने मला ओळखलं. मोठ्याने म्हणाली, "अव, तू पांढुर्ण्याची स्टोव्हवाली न?" सगळी बस वळून बघायला लागली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा तो विनोद अजून फिरतोच आहे, म्हणून लिहायला बसले.

आपल्या गल्लीत तेव्हा टीव्ही एकाच घरी होता, आणि रविवारी संध्याकाळी त्या घरची पोरंसुद्धा तुमचा खेळ बघायला आपल्या ओसरीवर यायची. एक खोकं, त्यात दोन लाटणी, लाटण्यांवर गुंडाळलेली कागदाची लांब पट्टी आणि मागे बल्ब. चित्रं तुम्ही काढायचात. मी रंग भरायचे, कागदाला तेल चोळायचे, म्हणजे उजेड आरपार यायचा. पट्टी पुढे सरकवायचं हँडल मी फिरवायचे, आवाज सगळे तुमचे. एक बाप, एक आई, एक मुलगी आणि दर रविवारी नवी फजिती. शाळेत जायच्या आधी अक्षरं मी त्या पट्टीवरच शिकले, आणि हसवायचं कसं तेही. तुम्ही सांगायचात, "हे पाय, पेन्सिल माह्या हाती आहे न, मग लोकं हसतील ते माह्यावरच." म्हणून सायकलच्या चेनमध्ये धोतर अडकायचं ते बापाचं, संत्र्यांच्या टोपलीत बसकण मारायचा तो बापच. मुलगी नुसती शहाणी होती. मला ती आवडायची.

मी पाचवीत होते. सौंसरला आत्याकडे निघालो होतो आणि मी अर्ध्या वाटेतून पुन्हा पुन्हा घरी पळाले. बस चुकली. आई चिडली. तुम्ही मला बाजूला नेऊन हळूच विचारलंत, "काहून पळून राहिली सारखी?" मी सांगितलं. स्टोव्ह विझला नसेल, घर जळेल आणि ते माझ्यामुळे होईल, असं मला रोज वाटतं. विझलेला डोळ्यांनी पाहिला तरी वाटतं. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "कोणाले नाही सांगत, बेटा."

त्या आठवड्यात पट्टीचा शेवटचा तुकडा तुम्ही मला रंगवायला दिला नाही. स्वतःच चिकटवलात. "तुलेही मजा येऊ दे," म्हणालात.

रविवार आहे, मी हँडल फिरवते आहे. स्टेशन येतं. आई-बाप तिगावच्या गाडीत चढतात. मागून मुलगी येते, डोक्यावर स्टोव्ह घेऊन, सोबतच असावा म्हणून. टीसी तिकीट मागतो. तुम्ही आवाज काढता, माझाच, घाबरला की चिरकतो तसा: "साहेब, याचंबी अर्धंच लागते न?" ओसरी लोळते. आई पदर तोंडाला लावून हसते.

"रुसली काहून? लोकं किती हसले पाय."

"तुम्ही कोणाले सांगणार नव्हते."

"मी सांगितलं कुठी? चित्र काढलं."

मग दर रविवारी गल्ली ओरडायला लागली, "मास्तर, स्टोव्ह आणा!" आणि तुम्ही आणत गेलात. मी मॅट्रिक झाले, खोक्यातली मुलगी तेवढीच राहिली. बाप मात्र हळूहळू शहाणा होत गेला. सौंसरचे पाहुणे मला बघायला आले, मी चहा ठेवला, तेव्हा मुलाची मामी म्हणाली, "बाई, स्टोव्ह बंद करून आली न?" सगळ्यांच्या आधी तुम्ही हसलात.

त्यानंतर मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही. नोकरीची भीती नाही, लग्नाला नाही का म्हटलं तेही नाही. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "काय विचार करून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही." मी चादर सरळ करत राहिले.

हे मी कोणाला दाखवणार नाही. आईलाही नाही. वाचताना तिला हसू येईल, आणि ते मला दिसेल. तुम्हाला मात्र एवढं सांगते. त्या दिवशी हँडल माझ्या हातात होतं. मुलीच्या डोक्यावर काय आहे ते दिसलं, तेव्हाच मी थांबू शकले असते. टीसी आलाच नसता. पण मी फिरवत राहिले, बाबा. पुढे काय होतं ते मलाही बघायचं होतं.