मधली जागा

बारामती,
१३ जानेवारी २०२५

ती. आबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारीपाजारी खिडकीत येतात. म्हणून पत्र लिहिते.

काल पळसदेवहून निघताना स्वराली दप्तर भरून फाटकाशी उभी होती. माझी राजूताई आणि तुमचे मल्हारदाजी गेल्यापासून दर रविवारी हेच चाललंय. फुलाआईंचे गुडघे दोन वर्षांच्या पोरामागं पळू शकत नाहीत, म्हणून धाकट्या शंभूराजला आम्ही आधी आणलं. स्वरालीला मागून आणायचं ठरलं होतं. पण आमच्या गाडीत मागं लहान मुलांच्या दोनच खुर्च्या बसतात, एक आमच्या माऊलीची आणि एक शंभूची. मध्ये वीतभर जागा उरते. काल स्वरालीनं माझा पदर ओढून विचारलं, की मावशी, मी बारीक झाले तर मावेन का. आबा, ती जेवते ना? खरं काय ते कळवा.

सौरभ म्हणाला, एक खेप माऊलीला घरी ठेवू आणि हिला घेऊन येऊ. आणता येईल हो. पण मग इथं रोज कुठंही निघताना एकाला मागं ठेवायचं, आणि ते कोण हे मी कसं ठरवू? मांडीवर घेऊन तर मी कुणालाच नेणार नाही. त्या दिवशी दाजींची गाडी उभ्या ट्रकवर गेली, तेव्हा मागं खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली होती म्हणूनच स्वराली आपल्याला राहिली.

म्हणून गाडी बदलायची म्हणतो. जुनी मिळाली तरी चालेल, फक्त तीन खुर्च्या शेजारी शेजारी बसल्या पाहिजेत.

फुलाआईंना नमस्कार. तुमची माया असू द्या.
आपली,
श्रेया


पळसदेव,
१९ जानेवारी

चि. श्रेयास बिरूआबाचा आशीर्वाद.

पत्र पावलं. पोरगी जेवती, पर चिमणीवानी. अर्धी भाकर घेती आन् उठती. इचारलं तर पोट भरलं म्हणती.

आता माझं आईक, आन् राग धरू नगंस. गाडी घेऊ नगा. जागा न्हाय तेच बरं हाय. मल्हार गेल्यापासनं फुला चुलीफुडं नुसती बसून असती, कुणाशी बोलत न्हाय. मला तर ढगात वाजलेलंबी ऐकू येत न्हाय. ही एकटी माज्या गळ्यात हात टाकून कानाशी तोंड आणून बोलती, त्येवढंच मला या घरातलं ऐकू येतं. तिलाबी न्हेलं तर हितं कोण उरलं?

पोरगी काय परक्याच्या दारात न्हाय. बापाच्या घरात हाय. शंभूला तुमी सांभाळा, हिला आमी सांभाळतो. एकेक वाटणीला आला आसं समज.

सौरभरावांना सांग, गाडी बेतानं चालवा.
आबा


बारामती,
२७ जानेवारी

ती. आबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी सौरभला दाखवलं नाही. उशीखाली ठेवलंय. राग नाही, पण ‘वाटणी’ हा शब्द मला चार दिवस गिळता आला नाही.

शंभू दारावर गाडी वाजली की ताई म्हणत पळतो. कुणाचीही गाडी असो, दुधवाल्याची असली तरी पळतो.

आम्ही गाड्या बघत होतो. तिन्ही खुर्च्या पोत्यात घालून सगळीकडे नेल्या. विकणाऱ्यांना वाटायचं, आम्ही घर बदलायला निघालोय. कुठं तिसरी खुर्ची बसायची पण दार लागायचं नाही. कुठं पट्ट्याची खाच दोन खुर्च्यांच्या मध्ये गडप व्हायची. बऱ्याच गाड्यांत मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा. भिगवण रोडवर एकजण म्हणाला, वहिनी, लेकरं ती, मांडीवर मावतात की. मला तिथं उभं राहवेना. सौरभनं मला बाहेर नेलं.

शेवटी इंदापुरात एका निवृत्त गुरुजींची जुनी सातजणांची गाडी मिळाली. एका दाराला पोचा आहे, रंग उडालाय. पण मधली रांग रुंद, आणि तिघांनाही खांद्यावरून येणारा पट्टा. सौरभनं खुर्च्या बसवताना बोटं सोलून घेतली. तिसरी बसली तसा खटकन आवाज झाला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

गाडी दारात उभी आहे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी स्वरालीला न्यायला येणार नाही. लेक तुमच्या मल्हारचीही आहे, हे मी विसरत नाही.

लोभ कमी करू नका.
आपली,
श्रेया


पळसदेव,
४ फेब्रुवारी

चि. श्रेयास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आन् मी घडी करून ठिवलं. उत्तर द्यायचं न्हवतं.

काल गोठ्यामागं गेलो तर स्वराली भाकर चुरून कोंबड्यांस्नी घालत हुती. मी म्हटलं, बाई, आपल्या ताटातली का घालतीस? तर कानाशी आली आन् म्हणाली, आबा, मावशीच्या गाडीत थोडीच जागा हाय, मी अजून थोडी बारीक झाले की मावंन. मंग म्हणाली, फुलाआजीला सांगू नका.

पोरीचा दंड धरला तर माज्या दोन बोटात आला. आमच्या डोळ्यासमूर पोरगी वाळत हुती आन् मी म्हणत हुतो आमी सांभाळतो.

रविवारी या. तिची कापडं धुऊन ठिवतो.
आबा


बारामती,
१० फेब्रुवारी

ती. आबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुम्ही फाटकात उभे होतात तोवर मी मागं बघत होते.

ट्रकची ती जागा नको म्हणून सौरभनं इंदापूरकडून वळसा घेतला. स्वराली मध्ये, दोन्हीकडे पोरं. निमगावपर्यंत तिनं डोळे गच्च मिटले होते. पोरं झोपली तशी डोळे उघडले आणि आधी दोघांचे पट्टे चाचपले.

घरी आल्यावर सगळे उतरले, ती उतरेना. मी हात पुढं केला तर म्हणाली, आता उतरले तर परत जागा मिळंल का? मी हो म्हटलं, सौरभनं शपथ घेतली, तरी तिनं पट्टा सोडला नाही. मग मी तिचं ताट गाडीतच नेलं आणि शेजारी बसले. आबा, तिनं अख्खी भाकरी खाल्ली. झोप लागल्यावर सौरभनं उचलून आत आणलं. आजही शाळेत नाव घालून आल्यावर तसंच. जेवण गाडीतच.

येत्या रविवारी तिघांना घेऊन येतो. माया असू द्या.
आपली,
श्रेया


पळसदेव,
१४ फेब्रुवारी

चि. श्रेयास आशीर्वाद.

तुझं पत्र फुलाला वाचून दावलं. पोरगी गाडीत जेवली म्हटल्यावर ती रडली. मल्हारच्या मातीलाबी रडली न्हवती. रडून झाल्यावर चुलीफुडनं उठली आन् अंगण झाडलं.

येत्या रविवारी पोरांस्नी आणू नगा. त्याच्या फुडच्याबी नगंच. हितं आली की तिला वाटंल, परत सोडाय आणलं. फाटकात गाडी थांबली तर ती पट्टा धरून बसंल, आन् त्ये मला बघवायचं न्हाय.

एक दिस ती आपल्या आपण उतरंल आन् गाडीकडं मागं वळून न बघता घरात जाईल. तसं झालं की कळव. मंग आणा. तवर आमी दोघं हाय हितं, आमची काळजी करू नगंस.

पोरांवर हात फिरव.
आबा